कार्तिकातलं गार पाणी

कोजागिरी झाली की आमच्या शेजारच्या मंगलाताई पहाटे गार पाण्याने अंघोळ करायला लागतात. कार्तिकस्नान. ऊर्जानगरच्या या क्वार्टर्समध्ये दोन घरांच्या न्हाणीघरांना मिळून एकच भिंत असते, त्यामुळे त्यांचा पहिला तांब्या अंगावर पडला की माझी झोप उडते. पुण्य त्यांना लागतं, डोकं माझं फिरतं. परवा जिन्यात भेटल्या, केस ओलेच, आणि म्हणाल्या, "तुम्ही पण करून पाहा हो. प्रतिकारशक्ती वाढते." मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सुनेने मध्ये पडून मला आत नेलं. "आईंना गार पाण्याचं काहीतरी आहे, मनावर घेऊ नका," असं ती त्यांना समजावत होती, ते दाराआडून ऐकू आलं.

आहे. गार पाण्याचं आहे, आणि त्या शब्दाचंही आहे. हल्ली प्रतिकारशक्ती च्यवनप्राशच्या डब्यावर असते, बिस्किटाच्या पुड्यावर असते, जिन्यात ओल्या केसांनी भेटते. मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला तो मुलचेऱ्याच्या पुढे, नाल्यापलीकडच्या एका गावात, शाळेच्या ओसरीवर, एका मोठ्या साहेबाच्या तोंडून. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी त्या शाळेची एकटी मास्तरीण होते. आणि महिना हाच होता.

हा महिना तिकडे फार देखणा येतो, हेही सांगायला हवं. लवकर येणारं हलकं धान कापून झालेलं असतं, उशिरा येणारं भारी धान बांधीत, बांध घातलेल्या वावरात उभं असतं, कणसांनी वाकलेलं. आटत चाललेल्या पाण्याचा, चिखलाचा आणि कापल्या धानाच्या ताज्या तणसाचा वास एकमेकांत मिसळून सगळ्या गावावर पसरतो. सकाळी नाल्यावरून धुकं उठतं आणि कौलांपर्यंत येऊन थांबतं. दुपारचं ऊन असं, की अंगणात बसून डोळे मिटावेत. मी माजरीची. कोळशाच्या खाणीच्या चाळीत वाढलेली, दोरीवरचं धुणं वाळेपर्यंत पुन्हा काळं होताना पाहिलेली. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात शिकणं आणि शिकवणं यापुढे दुसरं काही मोठं नव्हतं, म्हणून बापाने खाणीत कंबर मोडून घेतली आणि मला मास्तरीण केलं. पहिली नेमणूक या गावात. असा स्वच्छ उजेड मी आधी पाहिला नव्हता. पहिल्या वर्षी मी त्याच्यावर भाळले होते.

त्याच उजेडात माझी पोरं शाळेच्या भिंतीला टेकून थरथरत बसायची. हिवताप. सकाळी पाढे म्हणणारं पोर दुपारी दात वाजवायला लागायचं. कुणी त्याचं फार मनावर घ्यायचं नाही, पाऊस यावा तसा ताप यायचा आणि जायचा. जाताना एखाद्याला घेऊन जायचा. सायकलवरून मलेरियाचा कर्मचारी यायचा, तापलेल्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि तिथल्या तिथे कडू गोळ्या हातावर ठेवायचा. गावाला सरकारी औषधाची एवढीच रीत ठाऊक होती. आधी रक्त द्यायचं, मग औषध मिळतं. ही रीत नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जे झालं ते याच रीतीवरच्या भरवशाने झालं.

मी दसरूभाऊंच्या घरी राहायचे. गोंडांचं घर, शेणाने सारवलेलं, परसात मोहाचं जुनं झाड. दसरूभाऊ कमी बोलायचे. त्यांची बायको सोनाबाई बोलायची, आणि त्यांची मुलगी जैवंता हसायची. विशीतली असेल. अंगाने काडी, डोळ्यांत कायम पिवळी झाक, आणि महिन्या-दोन महिन्यांनी हाडं अशी ठणकायची की ती गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. बरी असली की मात्र घर डोक्यावर घ्यायची. माझ्या मराठीची नक्कल करायची. "आपण जेवण केलंत का बाई?" असं नाक वर करून विचारायची आणि स्वतःच खिदळायची.

लग्न झालेली पोरगी माहेरी होती, कारण सासूने परत पाठवली होती. आजारी सून नको म्हणाली. नवरा तसा चांगला होता. भारी धान निघालं की येऊन पाहीन, बरी असली तर घेऊन जाईन, असं सांगून गेला होता. जैवंता त्या धानाकडे पाहायची तसं कुणी पिकाकडे पाहत नाही. मला म्हणायची, "बाई, धान कापाच्या आधी मले बरं व्हाचं हाये. काय बी करून."

आणि अशात ती जीप आली.

पांढरी जीप, मागे पेट्या, चार-पाच माणसं. दूरच्या मोठ्या शहरातली, मोठ्या संस्थेतली. त्यांना शाळा हवी होती, वरून हुकूम होता, मी पोरांना सुट्टी दिली. त्यांच्यातले मोठे साहेब मृदू बोलणारे, पन्नाशीचे, धुतल्या कपड्यांचे. मला 'मॅडम' म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी मॅडम म्हटलं होतं. मी त्यांना चहा केला, आणि ओसरीवर बसून त्यांनी मला समजावून सांगितलं, अगदी मन लावून. या जंगलात हजारो वर्षं मलेरिया आहे. ज्यांची शरीरं त्याला तोंड देऊ शकली नाहीत ते गेले. जे टिकले त्यांच्या रक्तात काहीतरी आहे, आणि ते बापाकडून मुलाकडे, आईकडून मुलीकडे येत राहिलं आहे. शरीर रोगाशी कसं लढतं, ते लढणं पिढ्यान्‌पिढ्या कसं घडत गेलं, हे या माणसांच्या रक्तात लिहिलेलं आहे. "यांची प्रतिकारशक्ती हा खजिना आहे मॅडम," ते म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर चमकत होते.

मी तेव्हा भारावले. शिकलेली होते ना. नंतर, पुष्कळ नंतर, ते वाक्य मी उलटं करून पाहिलं. जे टिकले. आणि जे टिकले नाहीत ते कुठे आहेत? ते दसरूभाऊंच्या परसात होते. सोनाबाईची लहानपणीच गेलेली लेकरं त्या मोहाच्या झाडाखाली पुरलेली होती, तान्ह्यांना मोहाखाली पुरतात तिकडे, झाडाने दूध पाजावं म्हणून. साहेबांनी तिला विचारलं होतं, पोरं किती झाली, किती जगली, गेली ती कशाने गेली. ती एकेकाचं नाव घेऊन बोट दुमडत गेली. साहेब मान हलवत होते, आणि मध्येच शेजारच्या सहकाऱ्याला इंग्रजीत हळूच म्हणाले, फार छान, फार छान कुटुंब आहे. त्यांना त्या दुमडलेल्या बोटांत निसर्गाची निवड दिसत होती. निसर्ग निवडतो म्हणे. भाजीवालीकडून वांगी निवडावीत तसा शब्द आहे हा, आणि तो ज्यांच्या अंगणातून निवडतो त्यांनाच तो शब्द कधी कुणी समजावून सांगितला नाही.

तर पहिल्या दिवशी अख्खं गाव शाळेसमोर आलं. पण कसं आलं ते पाहा. रक्त घेणार म्हणजे औषध देणार. बोटाचा थेंब घेऊन गोळ्या मिळतात, तर हे दंडातून नळीभर घेणार आहेत, म्हणजे औषधही तेवढंच दांडगं असणार. म्हणून लोकांनी आपले आजारी बाहेर काढले. खाटेवरून उचलून आणले. तापाने फणफणलेली पोरं कडेवर, म्हातारे पाठीवर. धडधाकट माणसं हलक्या धानाच्या मळणीला गेली होती, त्यांना कशाला औषध! मी ओसरीवरून पाहत होते, शाळेसमोर सगळा दुखणाईत गाव सावलीत बसला होता, धुतलेली लुगडी नेसून.

आणि संशोधकांना आजारी नको होते. चालू तापात रक्तातलं सगळं चित्र बिघडतं, त्यांना निरोगी माणसाचं स्वस्थ रक्त हवं होतं. दारात एक तरुण मुलगी उभी होती, डोळ्यांवर मोठा चष्मा. येणाऱ्याच्या कपाळाला आणि मानेला हाताची पालथी बाजू लावायची. अंग गार असलं तर आत, गरम असलं तर, "तुम्ही बाजूला व्हा, ताप गेल्यावर या." दिवसभर ती हेच म्हणत होती. दवाखाना म्हणून आलेल्या माणसांना, तुम्ही आजारी आहात म्हणून घरी जा, असं सांगितलं जात होतं. मी साहेबांना सांगितलं, हे लोक औषधाला आलेत. ते म्हणाले, "आपण त्यांना समजावून सांगा ना मॅडम, आम्ही उपचार करणारे डॉक्टर नाही." मी सांगितलं. तीन-तीनदा सांगितलं. माझ्यापुढे बसलेल्या म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग रक्त काऊन घेऊन राह्यले जी?" साहेबांचं उत्तर मला त्याच्यापुढे उच्चारवेना.

जैवंताचं अंग त्या दिवशी तापलेलं होतं. हाडंही ठणकायला लागली होती, पण ती चालत आली होती, सोनाबाईच्या खांद्याला धरून. चष्मेवालीने कपाळाला हात लावला आणि तिला बाजूला केलं. जैवंताने तिचा हात धरला. "मले घ्या जी. एवढ्या दुरून डाक्टर पुन्हा कवा येतीन?" ती मुलगी गोंधळली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "हिला सांगा ना, ताप उतरला की घेऊ."

ताप उतरला की घेऊ. एवढं एकच वाक्य त्या दिवशी जैवंताला नीट समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तर तिथे बायांची गर्दी. धुकं दाट होतं, दोराचा आणि बादलीचा आवाज येत होता, आणि मध्ये दगडावर जैवंता बसली होती, अंगाला चिकटलेलं ओलं लुगडं, ओठ निळे, आणि हसत होती. सोनाबाई तिच्या डोक्यावर बादली ओतत होती. पाठोपाठ दुसरी बाई बसली, मग तिसरी, मग कडेवरची पोरं. सगळी कालची माघारी धाडलेली. मला वाटलं कसला तरी सण आहे, देवाचं काही आहे. मी विचारलंही. जैवंता दात वाजवत म्हणाली, "आज नाई हाकलत ते. पाहा, लावा हात." मी हात लावला. कपाळ बर्फासारखं होतं.

या गोष्टीत माझा काही दोष होता का, ते मी पुष्कळ शोधलं. मी तिला तिथेच ओरडले, ओढून घरी आणलं, चुलीपुढे बसवलं. ती माझ्या हाताखालून निसटून रांगेत जाऊन उभी राहिली. तिला बरं व्हायचं होतं. दोष सापडला असता तर बरं झालं असतं, मग रडता आलं असतं. सापडला नाही, म्हणून नुसता राग उरला आहे.

रांग भराभर सरकली. चष्मेवाली पालथा हात लावत होती आणि सगळे आत जात होते. साहेब खुश. "आज सगळे निरोगी दिसताहेत!" ओल्या केसांच्या बाया, न्हालेली पोरं, कुणाला प्रश्न पडला नाही. स्वच्छ लोक आहेत, असं कुणीतरी म्हणाल्याचं आठवतं. दंडाला रबर बांधून नळ्या भरल्या, बोटाचा थेंब काचेवर घेतला, हातावर ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा ठेवला. जैवंताचे पिवळे डोळे ज्यांनी फुटावरून पाहिले त्यांनी पुस्तकं वाचलेली होती. आमच्या भागात कुणाच्या रक्तात काय असतं, हेच तर ते शोधत आले होते. तिने बिस्किटांचा पुडा उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "हेच का जी औषध?"

दुपारी साहेब दसरूभाऊंच्या अंगणात आले. त्यांना काळजी होती. रक्तातल्या पेशी जिवंत पोचायला हव्या होत्या, मेल्या तर सगळी मेहनत वाया. नागपूरहून विमानाने पुढे जायचं होतं, रात्रभर जीप चालणार, आणि यंदा गारठा लवकर पडला होता. पेट्यांना गार हवा बाधते, ते म्हणाले. एखादं जाडसर पांघरूण मिळेल का? सोनाबाई आत गेली आणि घोंगडी घेऊन आली. मेंढ्या पाळणाऱ्या कुरमारांनी विणलेली, काळी, घरातली एकुलती चांगली घोंगडी. जैवंता त्याच घोंगडीत झोपायची. मी म्हटलं, ही कशाला देता, तिला लागेल. सोनाबाई म्हणाली, "नेऊ द्या बाई. माह्या पोरीचं रक्त बी हाये त्याच्यात." तिने ती स्वतःच्या हाताने पेट्यांना गुंडाळली, कडा आत खोचल्या, लेकराच्या पायाखाली खोचतात तशा.

ऊन कलायच्या आत जैवंता पडली. आधीची दुखणी मी पाहिली होती, हे तसं नव्हतं. हात, पाय, पाठ, छाती, सगळीकडून एकदम. श्वास लागला. आम्ही वाकळी टाकल्या, माझी सोलापुरी चादर टाकली, धग खाटेपर्यंत यावी अशी चूल पेटवली, तिची थंडी जाईना. "यायो, पीनी," म्हणत होती. आई, थंडी. मराठीची नक्कल करणारी पोरगी मराठी विसरली होती.

मी शाळेकडे धावले. पेट्या जीपमध्ये चढवून झाल्या होत्या. मी साहेबांना म्हटलं, तिला घ्या, रस्त्यात कुठल्याही दवाखान्यात उतरवा. ते खाली उतरले, ऐकून घेतलं, चेहरा खरोखर उतरला त्यांचा. ते दुष्ट नव्हते, आणि याचाच मला जास्त संताप येतो, दुष्ट माणसाला शिवी देऊन मोकळं होता येतं. म्हणाले, जीपमध्ये जागा नाही. विमान चुकलं तर पेशी मरतील. तापाच्या गोळ्यांचं पाकीट दिलं. वाटेत दवाखान्यात सांगतो, गाडी पाठवायला लावतो, म्हणाले. सांगितलंही असेल. गाडी आली नाही.

मी म्हटलं, "मग निदान ती घोंगडी तरी परत द्या. ती थंडीने मरतेय."

त्यांनी पेट्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "मॅडम, प्लीज, समजून घ्या," म्हणाले, आणि जीपमध्ये बसले. धुरळा खाली बसेपर्यंत मी तिथे उभी होते. तिचं रक्त घोंगडीत गुंडाळून गेलं होतं आणि ती वाकळीखाली कुडकुडत होती.

बैलगाडी जुंपली. खाली तणस पसरलं. मी सोबत गेले. दवाखान्याच्या वाटेवरच्या नदीपर्यंतही पोचलो नाही. दसरूभाऊंनी बैल थांबवले, वळवले, आणि परत हाकले. उजाडत होतं, दोन्ही बाजूंना भारी धान उभं होतं, दवाने भिजून वाकलेलं.

धान निघाल्यावर नवरा आला होता. अंगणात उकिडवा बसून राहिला, सोनाबाईने त्याला जेवू घातलं, आणि तो गेला.

पुढे माझी बदली चंद्रपुरात झाली. तिथल्या एका डॉक्टरांना मी सगळी लक्षणं सांगितली, पिवळे डोळे, हाडं, सगळं. ते म्हणाले, सिकलसेल. रक्तातल्या पेशी वाकड्या होतात, एकमेकींत अडकतात. या रोगाच्या माणसाला गार पाण्यात कधी बसवू नये, ताप असताना तर मुळीच नाही. इतक्या सहज सांगितलं त्यांनी, ओठावरच होतं ते. मग माझीही तपासणी केली. माझ्यात अर्धा निघाला. आई-बापांपैकी एकाकडून आला तर हा दोष फारसा त्रास देत नाही, उलट मलेरियापासून राखण करतो. दोघांकडून आला तर जैवंता होते. म्हणजे ज्या गावात पोरं तापाने मरत होती तिथे मी तीन पावसाळे बिनघोर राहिले, ते माझ्या रक्तातल्या त्या अर्ध्या वाट्याच्या राखणीमुळे असेल. हजारो वर्षांची ही व्यवस्था अशी आहे, की एकाच घरात एकाची राखण व्हायला दुसऱ्याने किंमत मोजायची. साहेबांना हे माहीत होतं. त्यावरच त्यांचं आयुष्य उभं होतं. एका वाक्यात सांगता आलं असतं त्यांना, दारात उभं राहून. गार पाण्यापासून जपा.

बदलीच्या दिवशी सोनाबाई एस.टी.पर्यंत आली होती. तिने माझ्याकडे रक्ताचा निकाल मागितला नाही, साहेबांना शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "बाई, तुमी शहरात जाऊन राह्यल्या. ते साहेब कुठी भेटले तर घोंगडी मागजा. थंडी पडते जी आता."

आणि भेटले. काही वर्षांनी चंद्रपुरात कॉलेजच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं. खुर्च्या भराव्यात म्हणून शाळांना हुकूम आले होते, त्या हुकमाने मी मधल्या रांगेत बसले होते. दिवे मालवले, पडद्यावर चित्रं आली. माझी शाळा दिसली. ओसरी दिसली. ओल्या केसांच्या बाया रांगेत उभ्या दिसल्या. मी चेहरे शोधत होते, पण चित्र बदललं. साहेब त्याच मृदू आवाजात सांगत होते. या गावात त्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली होती. पुष्कळांच्या रक्तात मलेरियाचे जंतू सापडले, बोटाच्या थेंबात स्पष्ट दिसत होते, पण अंगात ताप नव्हता. लहान मुलांच्यासुद्धा नाही. जंतू आत, आणि शरीर शांत. हजारो वर्षांच्या सहवासाने या लोकांनी रोगाशी जणू तह केला आहे, म्हणाले. निसर्गाने घडवलेली अद्भुत प्रतिकारशक्ती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारची शिक्षिकाही वाजवत होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा मी उभी राहिले. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

"त्यांना ताप होता," मी म्हटलं. "तुम्ही तापलेल्यांना हाकलत होता, म्हणून त्यांनी पहाटे विहिरीवर गार पाण्याने अंघोळी केल्या आणि मग रांगेत आले. तुमच्या बरोबरच्या चष्मेवालीने पालथा हात लावला, तो पाण्याला लावला. मी तिथली मास्तरीण."

सभागृहात कुणीतरी हसलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. ओळखलं असावं, किंवा नसावं. म्हणाले, "हे रोचक आहे. पण एखाददुसऱ्याने तसं केलं असलं तरी एकूण निष्कर्षाला बाध येत नाही. तुमची शंका मी लक्षात ठेवीन." शंका! मी शंका विचारली नव्हती, मी काय झालं ते सांगितलं होतं. अध्यक्ष म्हणाले, बसा बाई, इतरांनाही संधी द्या.

मी बसले नाही. "जिने ही युक्ती काढली ती त्याच अंघोळीने मेली. तिच्या आईची घोंगडी तुमच्याकडे आहे. काळी, जाड, पेट्यांना गुंडाळलेली. ती कुठे आहे?"

साहेब खरोखर आठवत होते, कपाळाला आठी घालून. कुणाच्या रक्तात कोणता गट, कोणत्या घरात कुणाला काय, हे ते कागद न पाहता तासभर सांगत होते. "घोंगडी?" ते म्हणाले. "कुठली घोंगडी?"

मी सभागृहातून बाहेर आले. रस्त्यावर ऊन होतं, सायकली जात होत्या, कुणीतरी केळी विकत होतं, आणि मला मात्र सगळ्या जगाच्या तोंडात मारावीशी वाटत होती. ती इच्छा अजून गेलेली नाही. पहाटे भिंतीपलीकडे तांब्या वाजतो तेव्हा बिचाऱ्या मंगलाताई तिच्या वाट्याला येतात.

त्याच वर्षीच्या कार्तिकात मी सोनाबाईच्या गावाला गेले. नवी घोंगडी घेऊन गेले, कुरमारांकडूनच घेतली, तशीच काळी. सोनाबाई मोहाच्या झाडाखाली शेंगा सोलत बसली होती, बरीच म्हातारी झालेली. तिने घोंगडी हातात घेतली, वास घेतला, आणि बाजूला ठेवली.

"हे ते नोहे," ती म्हणाली. "भेटले का जी साहेब?"

"भेटले."

"मंग? नाई देल्ली का?"

सगळं सांगायची तयारी करून गेले होते मी. पडदा, टाळ्या, कुठली घोंगडी, सगळं. तिच्या तोंडाकडे पाहून एवढंच म्हटलं, "नाही दिली."

 हातातल्या शेंगा सोलायच्या राहिल्या.

"राहू द्या मंग," ती म्हणाली. "जैवंताचं रक्त तिथीच हाये अजून. त्याले लागत असन थंडीचं."